शेवटच्या कडव्यातलं नाव

एक साधी परीक्षा. प्रल्हाद शिंदे यांनी गायलेलं विठ्ठलाचं एखादं गाणं आठवा. आवाज लगेच कानात येईल, चालही येईल. आता ते लिहिलं कुणी, हे फोनवर न शोधता सांगा. त्यातली कितीतरी गाणी दत्ता पाटील यांची आहेत, चाली मधुकर पाठक यांच्या. आषाढीला ही गाणी गल्लोगल्ली वाजतात, पण ही दोन नावं फारशी कुणाच्या तोंडी नसतात. गाण्याचा सातबारा आपण गाणाऱ्याच्या नावावर लावतो आणि मोकळे होतो.

मला बोलायचंय ते मात्र जो स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो आणि स्वतःच गातो त्याच्याबद्दल. त्याच्या बाबतीत तरी नावाचा घोळ व्हायला नको. तरीही होतो. तो का होतो हे कळायचं तर गाणं कागदावर वाचून भागत नाही. ते ज्या स्टेजवर उभं राहतं ते स्टेजही वाचावं लागतं. मराठी समीक्षेनं हे काम फार कमी केलंय.

'इंडी' म्हणजे कोण?

'इंडी म्युझिक' म्हटलं की आपल्यासमोर पुण्या-मुंबईतलं एखादं कॅफे येतं. गिटार, पिवळसर दिवा, चाळीस-पन्नास माणसं, ऑनलाइन तिकीट. त्यात वाईट काही नाही. पण व्याख्या नीट लावून बघा. पाठीशी कंपनी नाही. शब्द आपले, चाल आपली, गळा आपला. कार्यक्रम आपणच मिळवायचा, साथीदार आपणच जमवायचे, एसटीचं भाडंही आपल्याच खिशातून. या व्याख्येत महाराष्ट्रातला शाहीर, जलसाकार, भीमगीतकार शंभर टक्के बसतो. फक्त त्याला कुणी इंडी म्हणत नाही. त्याला 'लोककलावंत' म्हणतात. हा शब्द दिसायला मानाचा आहे, पण त्यात एक गोम आहे. 'लोक' म्हटलं की कर्ता पुसला जातो. गाणं लोकांचं होतं, म्हणजे कुणाचंच राहत नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या परांडा तालुक्यात सोनारी आहे. काळभैरवनाथाचं ठाणं, चैत्रात मोठी यात्रा. तिथून बार्शी काही लांब नाही. त्या बार्शीत १९१६ साली मेहबूब हुसेन पटेल नावाचं एक पोर जन्मलं. पुढं मोटारीवर क्लीनर झालं, गिरणीत राबलं आणि 'अमर शेख' या नावानं महाराष्ट्रभर गाजलं. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं करणारे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानं भरवणारे ते हेच अमर शेख. ते कवीही होते, त्यांचे कवितासंग्रह छापलेले आहेत. तरी आपण त्यांची आठवण काढतो ती 'पहाडी आवाजा'ची. आवाजाचं कौतुक झालं की शब्दांकडं बघायची गरज उरत नाही. समीक्षेनं हात झटकायची ही जुनी पद्धत आहे.

गळ्यातली सही

छापखाना आणि कॉपीराइट नव्हते तेव्हा गाणाऱ्यानं स्वतःचं नाव टिकवायची एक युक्ती काढली होती. ती म्हणजे नाममुद्रा. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव अशा बेतानं बसवायचं की ते काढलं तर ओळ मोडावी, यमक तुटावं. संतांनी अभंगात हेच केलं. पेशवाईतल्या शाहिरांनी लावणी-पोवाड्यात हेच केलं. सोलापूरचे राम जोशी 'कविराय' म्हणून सही करायचे. होनाजी बाळा हे तर दोन माणसांचं मिळून एक नाव. होनाजी शिलारखाने रचायचा, बाळा करंजकर गायचा. लिहिणारा आणि गाणारा दोघंही एकाच सहीत. आजच्या बँडना हा हिशेब इतका सरळ जमत नाही.

वामनदादा कर्डक यांनी ही युक्ती विसाव्या शतकात आणली आणि लाउडस्पीकरच्या काळात चालवून दाखवली. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म. अक्षरओळख मोठेपणी, मुंबईत आल्यावर झाली. पहिलं गाणं १९४३ सालचं, तेही एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचं विडंबन. त्यानंतर २००४ मध्ये जाईपर्यंत हा माणूस गावोगाव गात राहिला. त्यांच्या गाण्यांच्या अखेरीस 'वामन' येतो. दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या गायन पार्टीनं ते गाणं उचललं तरी 'वामन' त्यांच्या तोंडून निघतोच. पैसे मिळाले नाहीत तरी नाव पोचतं. कागदावरचा करार नसताना गळ्यागळ्यांतून पाळला जाणारा हा करार होता.

वामनदादांवर लिहिताना बहुतेक जण आकड्यापाशी थांबतात. हजारो गाणी लिहिली, दहा हजार लिहिली. आकडा मोठा आहे यात शंका नाही. पण गाणं मोजणं म्हणजे गाणं वाचणं नव्हे. कुसुमाग्रजांनी किती कविता लिहिल्या हे आपण आधी विचारत नाही, कोणती कशी लिहिली हे विचारतो. शाहिराच्या वाट्याला आला की तोच समीक्षक एकदम तलाठी होतो.

स्टेज गाण्याला काय करतं

म्हणून आता स्टेजकडं या. सोनारीसारख्या यात्रेत समोरचा माणूस तिकीट काढून बसलेला नसतो. तो नारळ फोडून आलाय, पोराला पाळण्यात बसवायचंय, भेळ खायचीय, शेवटची गाडी गाठायचीय. तो मध्येच येतो आणि मध्येच जातो. अशा माणसासाठी लिहिलेलं गाणं आपोआप वेगळं घडतं.

पहिली गोष्ट ध्रुवपदाची. ते छोटं असतं आणि दर कडव्यानंतर परत येतं, कारण उशिरा आलेल्यालाही गाणं कशाबद्दल चाललंय ते अर्ध्या मिनिटात कळलं पाहिजे. शिवाय झीलकऱ्यांनी ते उचललं की मुख्य गाणाऱ्याला दम घ्यायला सवड मिळते. दुसरी गोष्ट कडव्यांची. प्रत्येक कडवं आपल्या पायावर उभं असतं. गर्दी रंगली तर दोन कडवी वाढवता येतात, पांगायला लागली तर दोन गाळता येतात. कागदावर हेच 'विस्कळीत' वाटतं. तिसरी गोष्ट चालीची. लोकांच्या ओळखीची चाल घेतली की नव्या गावातला ढोलकीवाला किंवा पेटीवाला तालमीशिवाय साथ करू शकतो. याला 'उसनी चाल' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी साथीदाराला तालमीचे पैसे कुठून द्यायचे हेही सांगावं.

चौथी गोष्ट सगळ्यांत जास्त हरवते. दोन गाण्यांमधलं बोलणं. कोपरखळी, गावच्या सरपंचाला मारलेला टोला, एखादा किस्सा, मग हळूच मुद्दा. शाहिरीचा निम्मा प्रयोग या बोलण्यात असतो. पुस्तक छापताना ते गळतं, रेकॉर्डिंगला तर जागाच नसते. उरतात ती फक्त गाणी. मग कुणीतरी ती वाचतं आणि म्हणतं, 'प्रचारकी आहेत.' नाटकातले सगळे संवाद काढून टाका, नुसती पदं ठेवा आणि मग नाटककाराला नापास करा, तसंच हे.

याचा अर्थ स्टेजवरचं सगळंच चांगलं असतं असा नाही. स्टेज गाणाऱ्याला बिघडवतंही. टाळी कुठं पडते हे एकदा कळलं की तीच ओळ पन्नास गाण्यांत फिरते. महापुरुषाचं नाव घेतलं की जयजयकार होणारच, मग ओळीनं काही कमावलं की नुसत्या नावानं, हे कळेनासं होतं. आज यूट्यूबवर निघणाऱ्या जयंतीच्या गाण्यांत ठेका बदलतो, शब्द तेच राहतात. हे स्पष्ट म्हणायला हवं. लोककलावंत म्हणून पाठ थोपटत राहणं हा त्याचा अपमानच आहे, कारण त्यात आपण त्याच्याकडून चांगल्या ओळीची अपेक्षाच सोडून दिलेली असते.

तारखांचं पंचांग

या माणसाचं वर्ष कसं जातं बघा. चैत्रात यात्रा. एप्रिलमध्ये ११ ला फुले जयंती, १४ ला आंबेडकर जयंती, आणि मग तो पंधरवडा संपतच नाही. लग्नसराई जूनपर्यंत. पाऊस पडला की हात रिकामे. १ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती, मग गणपती, नवरात्र. आमच्याकडं नवरात्रात तुळजापूरच्या वाटा आराध्यांच्या गाण्यांनी भरलेल्या असतात, पण तिथं गाणं सेवेचं असतं, बिदागीचं नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं बाहेर पडतात आणि गावं अर्धी होतात. मग ३ जानेवारी, १२ जानेवारी, १९ फेब्रुवारी. मोजून बघितलं तर कमाईचे महिने निम्मेही भरत नाहीत. बाकीचे महिने शेत, रिक्षा, दुकान, शिकवणी.

तमाशाच्या फडांना निदान नारायणगाव आहे. पाडव्याच्या सुमाराला तिथं राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात, समोरासमोर बसून यात्रेची सुपारी ठरते. भाव काय चाललाय हे सगळ्यांना दिसतं. एकट्या गाणाऱ्याला अशी राहुटी नाही. त्याचा भाव मंडळाचा अध्यक्ष फोनवर ठरवतो. 'समाजाचं काम आहे' किंवा 'देवाचं काम आहे' या दोन वाक्यांत निम्मी बिदागी गळते. हीच वाक्यं मंडपवाल्याला आणि डीजेवाल्याला कुणी ऐकवत नाही.

म्हातारपणाचं तर विचारूच नका. विठ्ठल उमप २०१० साली नागपुरात एका कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. वय ७९. आपण याला 'गाता गाता गेले' म्हणून भाग्याचं मरण ठरवतो. मला त्यात एक साधा प्रश्नही दिसतो. गाणाऱ्याला निवृत्ती नावाची गोष्ट असते का? ज्येष्ठ कलावंतांना सरकार मानधन देतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, पुरावे जोडावे लागतात आणि समितीनं आपल्याला कलावंत म्हणावं लागतं. ज्याच्या कार्यक्रमांची कधी पावतीच झाली नाही तो पुरावा काय जोडणार?

तीन स्टेज, एक सिनेमा

गाणाऱ्याच्या या जगण्याचं मराठीतलं सर्वांत नेमकं चित्रण एका सिनेमात आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट', २०१४. व्हेनिसला गाजला, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, भारताकडून ऑस्करला गेला. त्यावर न्यायव्यवस्थेच्या अंगानं भरपूर लिहून झालंय. मी तो गाण्याच्या अंगानं बघायला सांगतो.

पासष्टीचे शाहीर नारायण कांबळे घरात पोरांना शिकवतात, शिकवणी संपली की बस धरतात, कार्यक्रमाच्या जागी पोचतात, स्टेजवर चढतात आणि गायला लागतात. गाणं चालू असतानाच पोलीस येतात. आरोप असा, की त्यांच्या गाण्यामुळं एका सफाई कामगारानं आत्महत्या केली. कॅमेरा लांब उभा आहे. तो गाणाऱ्याच्या चेहऱ्यात घुसत नाही, त्याला हुतात्मा करत नाही. शिकवणी, बस आणि स्टेज या तिन्ही गोष्टी तो सारख्याच शांतपणे दाखवतो. म्हणूनच आपल्याला कळतं की गाणं हा या माणसाच्या दिवसातला एक भाग आहे, बसच्या प्रवासासारखाच.

पुढं सिनेमात आणखी दोन स्टेज येतात. बचावाचा वकील एका बारमध्ये बसून गाणं ऐकतो. सरकारी वकीलबाई घरच्यांबरोबर नाटकाला जातात. त्या नाटकात परप्रांतीयांची टिंगल आहे आणि थिएटर हसतंय, टाळ्या वाजवतंय. त्या नाटकाच्या स्टेजवर कुणी पोलीस चढत नाही. बारमधल्या गाण्याचा अर्थ काय, हेही कुणी विचारत नाही. शब्दांचा हिशेब मागितला जातो तो फक्त उघड्या मैदानातल्या फुकट कार्यक्रमात. कोणत्या स्टेजवरचा शब्द करमणूक आणि कोणत्या स्टेजवरचा शब्द पुरावा, हे तिकिटाच्या दरावर ठरतं. भाषण न करता हे सांगणं हे या सिनेमाचं मोठं काम आहे.

नारायण कांबळेंची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते आणि संपादक वीरा साथीदार यांनी केली. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडनं ते गेले. गाणी संभाजी भगत यांची. भगत यांनी २०१२ मध्ये 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकाची संकल्पना आणि संगीत दिलं होतं, लेखन राजकुमार तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, आणि नट बरेचसे जालन्याकडचे. म्हणजे मराठवाड्यातली पोरं मुंबई-पुण्याच्या थिएटरात हाऊसफुल्ल प्रयोग करत होती. त्या नाटकावर झालेली चर्चा आठवा. शिवाजी महाराजांबद्दलच्या मांडणीवर भरपूर बोललं गेलं. गाण्यांनी ते नाटक कसं बांधून धरलंय, यावर किती?

तीस सेकंदांत काय गळतं

आता तुमच्या हातातल्या फोनकडं. फोननं गाणाऱ्याला राहुटी दिली हे खरं. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन गायच्या, त्यांचे व्हिडिओ फिरले आणि त्यांना महाराष्ट्रभरातून बोलावणी आली. कुठल्या कंपनीनं त्यांना शोधलं नव्हतं. क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' २०२४ मध्ये मराठी न कळणाऱ्यांनाही नाचवून गेलं. ही दारं पूर्वी बंद होती.

पण रीलला तीस सेकंद लागतात आणि ते तीस सेकंद असतात ध्रुवपदाचे. नाव कुठं होतं? शेवटच्या कडव्यात. गाणं कापलं की पहिल्यांदा गळते ती सही. यात्रेतही असंच होतं. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम आहे, घड्याळ बघून शेवटची कडवी आवरती घ्यावी लागतात. पण तिथं गाणारा निदान समोर उभा असतो, त्याचा चेहरा दिसतो. रीलमध्ये चेहरा दुसऱ्याचाच असतो.

गंमत म्हणजे रॅप करणाऱ्या पोरांनी यावर नकळत उत्तर काढलंय. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपल्या नावातला 'सौ' शंभराच्या आकड्यानं लिहितो. रॅपर आपलं नाव बहुतेक वेळा सुरुवातीलाच घेतात, बीट बनवणाऱ्याचं नावही पहिल्या दोन-चार सेकंदांत पुकारलं जातं. ही अमेरिकेतून आलेली फॅशन म्हणून सोडून देऊ नका. काम नाममुद्रेचंच आहे. फक्त ती शेवटच्या कडव्यातून उठून पहिल्या सेकंदात आली, कारण आता ऐकणारा शेवटपर्यंत थांबत नाही. वामनदादांचा वारस शोधायचा तर या बाजूलाही बघावं लागेल.

कायद्यानं दिलेलं आणि काढून घेतलेलं

नाव राहिलं, पैशाचं काय? २०१२ साली कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा मिळायलाच हवा, त्यानं तो हक्क कंपनीला लिहून दिला तरी तो करार टिकणार नाही, असं कायदा म्हणतो. कॅसेटच्या जमान्यात एकरकमी पैसे घेऊन सगळं लिहून देणाऱ्या गीतकारांना हे आधी मिळालं असतं तर कितीतरी घरांची कथा वेगळी झाली असती.

पण त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक सूटही आहे. धार्मिक विधीत किंवा सरकारी समारंभात गाणं वाजवलं, गायलं तर कॉपीराइटचा भंग होत नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभही या सुटीत येतात, आणि केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये ते पुन्हा बजावलं. हेतू समजण्यासारखा आहे. नवरदेवाच्या बापाकडं कुणी वरातीत पावतीपुस्तक घेऊन येऊ नये. पण सोनारीतून बघा. आपल्याकडं गाणं वाजतं कुठं? देवापुढं, लग्नात, वरातीत आणि शासनाच्या कार्यक्रमात. यात्रेतला करमणुकीचा कार्यक्रम 'विधी'त मोडतो का यावर वकील वाद घालतील, पण तो वाद घालायला तालुक्याचा गीतकार जाणार नाही. शहरातल्या हॉटेलात वाजलेल्या गाण्याचे पैसे मिळू शकतात. गावातलं गाणं जिथं जिथं जिवंत आहे, नेमक्या त्या जागा सुटीत आहेत. यावर उपाय सरळ आहे. सूट वाजवणाऱ्याला असू द्या, पण त्याचा भार गीतकाराच्या डोक्यावर न टाकता सरकारनं त्याची भरपाई करावी. ही मागणी करायला मात्र गाण्याला आधी कर्ता आहे हे मान्य करावं लागतं. गाणं 'लोकांचं' म्हणून ठेवलं की भरपाई द्यायची कुणाला?

म्हणूनच समीक्षा ही इथं चैनीची गोष्ट नाही. कुठली ओळ कुणाची, ती दुसऱ्याच्या ओळीपेक्षा चांगली का, कुठं ती घसरली, हे कुणीतरी लिहून ठेवलं तरच गाणाऱ्याचा कर्ता म्हणून पुरावा तयार होतो. मानधनाच्या अर्जाला तो लागतो, रॉयल्टीच्या दाव्याला लागतो, आणि उद्याच्या पोराला आपल्या तालुक्यात आपल्याआधी कोण होतं हे कळायलाही तोच लागतो.

आपल्याला करता येण्याजोग्या गोष्टी छोट्या आहेत. गाणं शेअर करताना लिहिणाऱ्याचं नाव टाका. जयंतीच्या किंवा यात्रेच्या कमिटीत असाल तर बिदागी आधी ठरवा आणि पावती द्या. कार्यक्रम रेकॉर्ड करत असाल तर गाणं संपल्यावर कॅमेरा बंद करू नका, मधलं बोलणंही घ्या. आणि कमीत कमी एक गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका. तिथं कुणीतरी आपलं नाव सांगत असतं.